लाटेकमध्ये मराठी पुस्तक: भाषा, रंग आणि पॅकेजेस कोणत्या क्रमाने जोडायची?

प्रश्न थोडक्यात असा: मजकूर मराठी, मधूनमधून इंग्रजी संज्ञा, उदाहरणांना रंगीत चौकटी, साधारण दीडशे पानांचं पाठ्यपुस्तक लाटेकमध्ये (आज्ञा लिहून पानं जुळवणाऱ्या प्रणालीत) करायचं आहे. जोडाक्षरं तुटतात, एक्सकलर हे रंगांचं पॅकेज (लाटेकला जादा सोय देणारी जोड) जोडलं की ‘ऑप्शन क्लॅश’ (पर्यायांची टक्कर) येतो आणि छापखाना म्हणतो की फाइल आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्यात) आहे, सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) द्या. कोणती पॅकेजेस घ्यावीत आणि कोणत्या क्रमाने?

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. चूक जिथे दिसते त्याच्या बरीच आधी ती झालेली असते. जोडाक्षर पानावर तुटलेलं दिसतं, पण बिघाड इंजिन (लाटेक चालवणारा मूळ प्रोग्रॅम) किंवा फाँट निवडताना झालेला असतो. रंग छापखान्यात बिघडलेला दिसतो, पण तो बिघडतो फाइलच्या पहिल्या दहा ओळींत. म्हणून उत्तर क्रमाने देतो: इंजिन, फाँट, भाषा, रंग, मग उरलेली पॅकेजेस. आज्ञांची आणि पॅकेजेसची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, फाइलमध्ये ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगने आणि गरज तिथे उलट्या तिरप्या रेघेसह लिहायची.

पीडीएफलाटेक पहिल्यांदा बाजूला ठेवा. त्याच्या एका फाँटमध्ये २५६ चिन्हांपलीकडे जागा नाही, आणि वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे नेणं, रफार पुढच्या अक्षरावर चढवणं ही कामं त्याला मुळातच येत नाहीत. पूर्वी यासाठी देवनाग नावाचा पूर्वप्रक्रियक वापरत. रोमन लिपीत मजकूर लिहायचा, तो देवनागमधून काढायचा आणि मग टेकला द्यायचा. आज त्या वाटेला जायचं कारण नाही. पर्याय दोनच, झीलाटेक आणि लुआलाटेक. झीलाटेक वेगवान आहे, आणि फक्त मराठी मजकूर असेल तर पुरेसं आहे. तुमच्या कामासाठी मात्र लुआलाटेक घ्या. लिपी ओळखून भाषा आपोआप बदलण्याची सोय आणि देवनागरी न मोडता मजकूर अधोरेखित करण्याची सोय, या दोन्ही गोष्टी तिथे सहज मिळतात. पहिल्या वेळी ते फाँटची यादी बनवतं, तेव्हा बराच वेळ लागतो. ते अडकलं आहे असं समजून मध्येच बंद करू नका.

फाँटसाठी शोभिका सुचवतो. आयआयटी मुंबईतून आलेला हा मुक्त परवान्याचा फाँट टेक लाइव्ह या लाटेकच्या तयार संचातच मिळतो आणि त्यात रोमन अक्षरंही आहेत, त्यामुळे मराठी ओळीत इंग्रजी शब्द आला की उंचीचा मेळ घालत बसावं लागत नाही. दुसरा फाँट घेतलात तर रोमनसाठी वेगळा फाँट जोडून त्याचा ‘स्केल’ ०.९ ते ०.९५ च्या आसपास हातानेच ठरवा. ‘मॅचलोअरकेस’ हा आपोआप माप जुळवणारा पर्याय रोमनच्या लहान अक्षरांची उंची बघतो. देवनागरीत ती कल्पनाच नाही, त्यामुळे त्याचं उत्तर भरवशाचं नसतं.

फाँट जोडताना तीन गोष्टी स्पष्ट लिहा: स्क्रिप्ट देवनागरी, लँग्वेज मराठी, रेंडरर (अक्षरं घडवून जोडणारं साधन) हार्फबझ. टेक लाइव्ह २०२० पासून लुआलाटेकमध्ये हार्फबझ आहे, पण ते सांगितल्याशिवाय वापरलं जात नाही. बेबेल या भाषेच्या पॅकेजच्या आज्ञेने फाँट दिला तर लिपी आणि भाषा तो स्वतः भरतो, तरी रेंडरर तुम्हालाच लिहावा लागतो. स्क्रिप्ट राहिली की ‘कि’मधली वेलांटी क-च्या पलीकडे पडते आणि जोडाक्षरं हलन्त चिन्हासह सुटी दिसतात. तुमची पहिली तक्रार बहुतेक इथेच सुटेल. लँग्वेज राहिली तर काहीही तुटत नाही, पण ल आणि श हिंदी वळणाचे येतात. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या प्रमाणीकरणात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवले आहेत. ज्या फाँटमध्ये दोन्ही वळणं आहेत, तो भाषा ‘मराठी’ सांगितल्यावरच आपली वळणं बाहेर काढतो. पाठ्यपुस्तकाचे परीक्षक नेमकं हेच हेरतात.

फाँट बरोबर असूनही एक चूक उरते आणि ती टंकलेखनाची असते. ‘आचाऱ्यांना’ लिहायचं असताना ‘आचार्यांना’ उमटलं तर लाटेकला दोष देऊ नका. चंद्रकोरीसारखा अर्धा र हवा असेल तर नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य असा क्रम टंकायचा. साधा र टंकला की रफारच येणार आणि स्वयंपाक्याचा गुरुजी होणार. मजकूर श्री-लिपीसारख्या जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये असेल तर रूपांतरानंतर हे ऱ आधी तपासा. तिथे गडबड हमखास निघते.

शोभिकामध्ये साधं आणि ठळक अशी दोनच वजनं आहेत, तिरपं नाही. जोर दाखवणारी एम्फ आज्ञा वापरली की लॉगमध्ये ‘फाँट शेप अनडिफाइन्ड’ अशी सूचना येते आणि मजकूर सरळच छापला जातो. ‘फेकस्लँट’ देऊन अक्षर जबरदस्तीने वाकवता येतं. माझं मत विचाराल तर वाकवू नका. शिरोरेषेच्या लिपीत ते रेल्वेतून पडणाऱ्या पाटीसारखं दिसतं. देवनागरीत जोर द्यायला ठळक अक्षर किंवा रंग हेच मार्ग बरे, म्हणून एम्फची व्याख्याच बदलून ठळक करून टाका.

आता भाषा. बेबेल आणि पॉलिग्लॉसिया या दोन भाषा-पॅकेजांतलं एकच घ्यायचं, दोन्ही एकत्र नाही. झीलाटेकवर पॉलिग्लॉसिया वर्षानुवर्षं चालत आलं आहे आणि त्यात मराठी आहे. त्याची नेहमीची तक्रार म्हणजे ‘करंट मेन रोमन फाँट डज नॉट कंटेन द देवनागरी स्क्रिप्ट’. ती आली की देवनागरीफाँट नावाचं फाँट-कुटुंब स्वतंत्र जाहीर करायचं, सॅन्स आणि टंकयंत्री अक्षरासाठी त्याची एसएफ आणि टीटी भावंडंही. लुआलाटेकवर बेबेल घ्या. बेबेलकडे मराठीची माहिती आयएनआय फाइलमध्ये आहे. जुन्या आवृत्तीत नुसता ‘मराठी’ पर्याय दिला की ‘अननोन ऑप्शन’ येतं, कारण ती जुन्या पद्धतीची एलडीएफ फाइल शोधते. त्यावर ‘प्रोव्हाइड’ पर्यायाला तारा (*) ही किंमत द्यायची, किंवा बेबेलप्रोव्हाइड आज्ञेत ‘इम्पोर्ट’ आणि ‘मेन’ लिहून मराठी मुख्य भाषा करायची.

इंग्रजीसाठी दुसरं बेबेलप्रोव्हाइड लिहा आणि त्यात ‘ऑनकॅर’ला ‘आयडीज फाँट्स’ ही किंमत द्या. मग ओळीत रोमन अक्षर आलं की इंग्रजीचा फाँट आणि इंग्रजीचे शब्दतोडीचे नियम आपोआप लागतात. प्रत्येक संज्ञेला टेक्स्टइंग्लिशचं वेष्टन घालायचं काम वाचतं. दीडशे पानांत हा फरक मोठा आहे.

मराठी शब्द ओळीच्या शेवटी तोडण्याचे नियम टेक लाइव्हमध्ये हायफन-इंडिक या संचात असतात. ‘नो हायफनेशन पॅटर्न्स’ अशी सूचना दिसली तर तो संच बसलेला नाही असं समजा. उबंटू-डेबियनवर तो टेक्सलाइव्ह-लँग-अदर या मोठ्या गठ्ठ्यात येतो. हे नियम नसले तरी पानं तयार होतात, पण ‘व्यवस्थापनशास्त्रातल्या’सारखा एखादा लांब शब्द समासाबाहेर लोंबतो आणि ‘ओव्हरफुल एचबॉक्स’ची रांग लागते. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे इंग्रजीपेक्षा हा त्रास जास्त. नियम बसवूनही एखादी ओळ हट्टाला पेटली तर ‘इमर्जन्सीस्ट्रेच’ला १ ते २ एम (एक एम म्हणजे साधारण फाँटच्या आकाराएवढी रुंदी) एवढी सूट द्या. स्लॉपी आज्ञा पूर्ण पुस्तकाला लावू नका, शब्दांमध्ये खिंडी पडतात.

आकड्यांबाबत आधी निर्णय घ्या. बेबेलमध्ये ‘मॅपअरेबिक’ दिलं की पृष्ठ, प्रकरण, आकृती यांचे क्रमांक देवनागरीत येतात. ‘मॅपडिजिट्स’ दिलं तर चालू मजकुरातले आकडेही बदलतात, आणि त्यात एखाद्या सूत्राच्या नावातले किंवा कोडमधले आकडे सापडले की घोळ होतो. विज्ञानाच्या पुस्तकाला पहिला पर्याय पुरे, मजकुरातले आकडे हवे तसे हाताने टंका. पॉलिग्लॉसियात याचंच नाव ‘न्यूमरल्स’ आहे.

‘अनुक्रमणिका’, ‘आकृती’, ‘प्रकरण’ हे शब्द भाषेच्या फाइलमधून येतात. ते बदलायला बरेच जण कंटेंट्सनेमवर थेट रिन्यूकमांड लावतात आणि काहीच बदलत नाही म्हणून वैतागतात. दस्तऐवज सुरू होताना भाषा लागू होते आणि ती तुमच्या व्याख्येवर आपले शब्द पुन्हा लिहिते. बेबेलमध्ये सेटलोकेलकॅप्शन ही आज्ञा वापरायची. पॉलिग्लॉसियात ती व्याख्या कॅप्शन्समराठीला जोडायची.

सीटॅनवर (लाटेक-पॅकेजेसच्या इंटरनेटवरच्या भांडारात) ‘मराठी’ नावाचं एक पॅकेजही आहे. पत्र, निबंध असल्या सरळ कामाला ते हाताशी ठेवा. तुमच्यासारख्या रंगीत, दोन भाषांच्या पुस्तकात प्रत्येक खिळा आपण ठोकलेला बरा, काय कुठून येतं ते नंतर कळतं.

रंगांसाठी एक्सकलर. मूळ कलर पॅकेज अजून आहे, पण छटा मिसळायची सोय एक्सकलरमध्येच. ब्लू, मग उद्गारचिन्ह, मग २० असं लिहिलं की २० टक्के निळा आणि ८० टक्के पांढरा. पुढे आणखी एक उद्गारचिन्ह आणि ब्लॅक लिहिलं तर उरलेला भाग पांढऱ्याऐवजी काळा. काहीही न सांगता १९ नावं मिळतात. ‘डीव्हीआयपीएसनेम्स’ पर्यायाने आणखी ६८, ‘एसव्हीजीनेम्स’ने १५१. लहानमोठी लिपी इथे महत्त्वाची आहे. मोठ्या जीचा ग्रीन आणि लहान जीचा ग्रीन हे वेगळे रंग आहेत, आणि फॉरेस्टग्रीन पर्याय न देता वापरला तर ‘अनडिफाइन्ड कलर’ येतो.

यादी निवडताना पुढचं बघा. डीव्हीआयपीएसच्या यादीतले रंग सीएमवायकेत सांगितलेले आहेत, एसव्हीजीच्या यादीतले आरजीबीत. छापील पुस्तकाला पहिली यादी सरस. त्याहून चांगलं म्हणजे पुस्तकाचे चारपाच रंग डिफाइनकलरने स्वतः ठरवा आणि त्यांना कामाची नावं द्या: उदाहरणरंग, सूचनारंग, शीर्षकरंग. नावं अर्थात रोमनमध्ये. मजकुरात कुठेही थेट रेड-ब्लू लिहू नका. संपादकाला हिरव्याऐवजी जांभळा हवा झाला तर एकच ओळ बदलावी लागेल.

छापखान्याच्या तक्रारीवर उपाय: एक्सकलरला ‘सीएमवायके’ हा पर्याय द्या. मग आरजीबीत सांगितलेले रंगही पीडीएफमध्ये सीएमवायके होऊन उतरतात. पण हे रूपांतर नुसतं गणिती असतं, कागद-शाईचा हिशेब त्यात नाही. पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर मळकट होतो तो यामुळे. म्हणून महत्त्वाचे रंग थेट चार शाईंच्या आकड्यांत द्या. भगवा हवा तर निळसर शून्य, किरमिजी ०.५, पिवळा १, काळा शून्य असं सुरू करून छापखान्याच्या नमुना पट्टीशी जुळवा. आणि हा पर्याय चित्रांना हात लावत नाही. पीएनजीतलं चित्र आरजीबीतच राहतं, ते आधी वेगळं बदलून घ्यावं लागतं.

काळ्याचं प्रकरण वेगळं आहे. चालू मजकूर फक्त काळ्या शाईत, १०० टक्के, असाच राहिला पाहिजे. कुणी काळा आरजीबीत शून्य-शून्य-शून्य म्हणून ठरवला आणि पुढे छापखान्यात त्याचं रूपांतर झालं, तर तो चार शाईंचा काळा होऊ शकतो. चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी शिरोरेषेच्या कडेला रंगीत झालर दिसते. रोमनमध्ये ही झालर अक्षरागणिक विखुरते. देवनागरीत ती शब्दभर सलग धावते आणि लगेच डोळ्यात भरते. याच कारणाने १० पॉइंटच्या रंगीत मजकुरात दोनपेक्षा जास्त शाया मिसळू नका. शीर्षकाला चालतात. चौकटीच्या पार्श्वभूमीला ८ ते १५ टक्क्यांची छटा ठेवा. ५ टक्क्यांखालची छटा ऑफसेटवर बऱ्याचदा दिसतच नाही, आणि २५ च्या वर गेलात की झेरॉक्समध्ये मजकूर बुडतो. पाठ्यपुस्तकाची झेरॉक्स निघणारच.

टेक्स्टकलर आणि कलर यांतला फरक लक्षात ठेवा. पहिली आज्ञा कंसातल्या मजकुरापुरती. दुसरी चालू गट संपेपर्यंत रंग लावत जाते, महिरपी कंस विसरला की उरलेलं पूर्ण प्रकरण लाल.

देवनागरीत रंगाचा खास अडथळा असा की रंग बदलण्याची खूण मजकुराच्या मध्ये येते आणि तिथे अक्षरांची साखळी तुटते. ‘क्ष’मधल्या क् ला लाल आणि उरलेल्याला काळा करायला गेलात तर जोडाक्षर फुटतं. मात्रा वेगळी रंगवली तर ती ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटी उभी राहते. रंग नेहमी पूर्ण अक्षराला लावा. बाराखडीच्या तक्त्यात फक्त मात्राच रंगीत हवी असेल तर ते वर्तुळच कामाला लावा: शेजारच्या रकान्यात वर्तुळासह मात्रा लाल, आणि पूर्ण अक्षर काळं.

मजकुरावर मार्कर फिरवल्यासारखा रंग हवा असेल तर सोल पॅकेजची एचएल आज्ञा इथे टाळा. ती मजकूर चिन्हागणिक सुटा करून पुन्हा जोडते, त्यात जोडाक्षरं मोडतात. लुआ-यूएल पॅकेज घ्या, ते अक्षरं घडून झाल्यावर त्यांच्यामागे रंग भरतं. हायलाइट आणि अधोरेखन दोन्ही त्यात आहे, फक्त ते लुआलाटेकवरच चालतं.

रंगीत चौकटींना टीकलरबॉक्स पॅकेज, ‘मोस्ट’ पर्यायासह. कोलबॅक म्हणजे पार्श्वभूमी, कोलफ्रेम म्हणजे कड. ‘ब्रेकेबल’ लावायला विसरू नका, नाहीतर लांब उदाहरण पानाच्या तळाला न मावता पूर्णच पुढच्या पानावर उडी मारतं आणि मागे अर्धं पान कोरं राहतं. कलरबॉक्स या साध्या आज्ञेत मजकूर ओळीत तुटत नाही, ती दोनचार शब्दांपुरतीच. देवनागरीत तिचा भोवतालचा ३ पॉइंटचा समास तुटपुंजा वाटला तर एफबॉक्ससेप वाढवा.

आता ‘ऑप्शन क्लॅश’. लाटेक कोणतंही पॅकेज एकदाच वाचतं. टीकलरबॉक्स आणि आकृत्या काढायचं टिक्झ स्वतःच एक्सकलर आत घेतात, तेही पर्यायांशिवाय. त्यानंतर तुम्ही ‘डीव्हीआयपीएसनेम्स’सह एक्सकलर मागितलं की लाटेक म्हणतं, हे तर आधीच वाचलं, आता नवे पर्याय कुठून आणू? तेव्हा एक्सकलर सगळ्या पर्यायांसह त्या दोघांच्या आधी लिहा. मूळ वर्गच रंग आत घेत असेल तर डॉक्युमेंटक्लासच्याही वर पासऑप्शन्सटूपॅकेज लिहा. बीमरच्या स्लाइड्सना एक्सकलरचे पर्याय वर्गाच्या पर्यायांत देता येतात. हा उपाय रंगापुरता नाही, कुठल्याही पॅकेजच्या क्लॅशला हाच.

भाषा आणि रंग एकमेकांना अडतात असंही होतं. फ्रेंचसारख्या काही भाषांत बेबेल उद्गारचिन्हाला खास अर्थ देऊ शकतं, आणि रंगाच्या छटा तर उद्गारचिन्हानेच लिहायच्या. मराठीत ही अडचण नाही. पण फ्रेंच उतारे असलेल्या पुस्तकात टिक्झच्या आकृत्या बिघडल्या तर टिक्झची ‘बेबेल’ नावाचीच लायब्ररी जोडा.

बाकी पॅकेजेस झटपट. पानाच्या मापांचं जिऑमेट्री वर, चित्रांचं ग्राफिक्सएक्स त्यानंतर, दुव्यांचं हायपररेफ जवळजवळ शेवटी, ‘आकृती ३’सारखे संदर्भ लिहिणारं क्लेव्हररेफ हायपररेफच्याही मागे. क्लेव्हररेफला मराठी येत नाही, क्रेफनेमने ‘आकृती’, ‘तक्ता’ शिकवा. हायपररेफ दुव्यांभोवती रंगीत चौकटी काढतं. त्या फक्त पडद्यावर दिसतात, छापल्या जात नाहीत. ‘कलरलिंक्स’ दिलं की मात्र अक्षरांनाच रंग लागतो आणि तो छापलाही जातो. छापील प्रतीला ‘हाइडलिंक्स’ द्या. ओळींमधल्या अंतरासाठी लाइनस्प्रेड १.२ ते १.३ ठेवा, वर रफार-मात्रा आणि खाली उकार असल्याने रोमनचं अंतर देवनागरीला कोंदट होतं. सूचीसाठी मेकइंडेक्स मराठी क्रम लावत नाही, अपमेंडेक्स वापरा.

‘फाइल नॉट फाउंड’ आलं तर आधी टीएलएमजीआर (टेक लाइव्हचा पॅकेज-व्यवस्थापक) सर्च, ‘ग्लोबल’ आणि ‘फाइल’ या पर्यायांसह. पॅकेजचं नाव आणि फाइलचं नाव नेहमी एकच नसतं, हा शोध खरं नाव सांगतो. मग टीएलएमजीआर इन्स्टॉल. मिकटेक हा लाटेकचा दुसरा संच विचारून स्वतःच बसवतो. उबंटूच्या भांडारातून टेक लाइव्ह घेतलं असेल तर टीएलएमजीआरच्या वाटेला न जाता उबंटूच्या एपीटीनेच गठ्ठे जोडा, दोन्ही मिसळले की आवृत्त्यांची खिचडी होते. टेक लाइव्ह दरवर्षी नवं येतं, आणि जुन्या वर्षाचं टीएलएमजीआर नव्या वर्षाच्या भांडाराशी बोलायला नकार देतं. जुन्या आवृत्तीवरच राहायचं असेल तर त्या वर्षाचं ऐतिहासिक भांडार जोडावं लागतं. पुस्तक अर्ध्यावर असताना आवृत्ती बदलू नका, ओळी सरकतात आणि मुद्रितशोधन पुन्हा करावं लागतं. फाइलच्या सुरुवातीला लिस्टफाइल्स लिहिलं की कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती वापरली ते लॉगच्या शेवटी मिळतं. ती यादी पुस्तकासोबत जपून ठेवा.

छापखान्याला देण्याआधी तीन तपासण्या. पहिली, ट्रेसिंगलॉस्टकॅर्सला ३ ही किंमत देऊन एकदा पूर्ण पुस्तक चालवा. फाँटमध्ये नसलेलं चिन्ह सापडलं की लाटेक नुसती सूचना न देता तिथेच थांबतं. गाळलेली चिन्हं पानावर नजरेने शोधणं अवघड असतं. दुसरी, घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ हाताळणाऱ्या प्रोग्रॅमचा ‘इंककव्ह’ हा पर्याय पीडीएफवर चालवा. चारपैकी प्रत्येक शाई पानाच्या किती भागावर येते ते तो दशांशात सांगतो. ज्या पानांवर पहिले तिन्ही आकडे शून्य, ती निव्वळ काळी पानं. रंगीत पानांचा दर वेगळा असल्याने ही यादी घेऊनच दर ठरवायला जा. जे पान काळंच असायला हवं आणि तिथे रंगाचा आकडा दिसतो, तिथे बहुतेक हायपररेफचा दुवा किंवा न बदललेलं चित्र निघतं. तिसरी, पीडीएफमधला एखादा मराठी परिच्छेद कॉपी करून साध्या मजकुराच्या खिडकीत चिकटवा. हार्फबझवर तो बऱ्यापैकी जसाच्या तसा येतो. झीलाटेकवर वेलांट्या इकडेतिकडे झाल्या तर झीटेकजनरेटअ‍ॅक्च्युअलटेक्स्टला १ द्या आणि पुन्हा चालवा. ई-प्रतीत वाचकाला शोध घेता यावा एवढ्यासाठी तरी हे करायलाच हवं.